आजोबांच्या बांबूच्या रॉडला किती नंबरची लाइन?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. १९४७ च्या सुमारास महूच्या छावणीतून मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून तुमच्या आजोबांनी बांबूची फ्लाय रॉड, म्हणजे लाइनच्या वजनाने नकली कीटक (फ्लाय) फेकून मासे पकडायची काठी, घेतली होती. ती आता इंदूरच्या रामबागेतल्या घराच्या माळ्यावर सापडली. नऊ फुटी, तीन तुकड्यांची, आणि शेंड्याचा तुकडा एक जादा. दांडीवरची शाईची अक्षरं पुसली गेली आहेत, पण जुन्या रेशमी लाइनच्या डबीवर ‘एच डी एच’ एवढं वाचता येतं. दुकानात सांगितलं की नऊ फुटी दणकट रॉड आहे, ८ नंबरची लाइन लावा. तुम्हाला ती चोरल नदीवर आणि पुढे हिमाचलात तीर्थनवर न्यायची आहे. तर लाइन कोणती घ्यावी?

उत्तर: ५ नंबरची डबल टेपर (दोन्ही टोकांना बारीक, मध्ये जाड). ६ फार तर प्रयोग म्हणून, आणि ८ अजिबात नको. कृपा करून नको. का ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या रॉडला एकच आकडा कायमचा चिकटलेला नाही. तो कसा काढायचा हे कळलं, तर पुढे दुसरी रॉड हातात आली तरी कुणाला विचारावं लागणार नाही.

डबीवरच्या अक्षरांपासून सुरू करू. रेशमी लाइनच्या काळात लाइन वजनावर नाही, जाडीवर मोजत. प्रत्येक अक्षर म्हणजे एक जाडी: एच म्हणजे इंचाचे २५ हजारांश, डी म्हणजे ४५ हजारांश, आणि ए सगळ्यात जाड, ६०. एच डी एच म्हणजे दोन्ही टोकांना बारीक आणि मध्ये पोटाला डीइतकी जाड, म्हणजेच डबल टेपर. लाइन सगळ्यांचीच रेशमाची असेपर्यंत ही पद्धत उत्तम चालली, कारण जाडी सारखी म्हणजे वजनही जवळपास सारखं. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं आणि घोळ झाला. नायलॉन रेशमापेक्षा हलकं. तीच एच डी एच नायलॉनची घेतली, तर रॉड वाकेचना. लोक एक अक्षर जाड लाइन घेऊन भागवू लागले. शेवटी १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने जाडी सोडून वजन धरलं: लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन ग्रेनमध्ये. आजचे नंबर हेच. ३ नंबर म्हणजे १०० ग्रेन, ४ म्हणजे १२०, ५ म्हणजे १४०, ६ म्हणजे १६०, ७ म्हणजे १८५ आणि ८ म्हणजे २१०.

ग्रेन आपल्याला परके वाटतात, पण आपल्या सराफ्यातला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचाच होता. १२ मासे म्हणजे १ तोळा, तेव्हा एक मासा १५ ग्रेनचा. या हिशेबाने ४ नंबरची लाइन नेमकी ८ मासे भरते, ८ नंबरची नेमकी १४ मासे, आणि ७ नंबरची म्हणजे जुन्या तोळ्याहून जेमतेम जास्त. मासे पकडायची दोरी माशांत मोजता येते, याचा मला पहिल्यांदा उलगडा झाला तेव्हा फार आनंद झाला होता. मुद्दा मात्र व्यवहाराचा आहे: दुकानदार तुमच्या आजोबांच्या रॉडच्या शेंड्यावर दर कास्टला (फेकीला) सुमारे पावणेपाच मासे वजन जास्त टाकायला सांगतोय. पाऊण तोळ्यासाठी घडवलेल्या काडीवर सव्वा तोळ्याच्या जवळ जाणारं वजन.

एच डी एचचं आजचं भाषांतर साधारण ५ नंबर. काही रॉडना ६ जमतं. तुमची डबी त्याच रॉडची असेल तर पहिला अंदाज इथेच मिळाला. पण डब्यांची अदलाबदल होते, रिळं एका रॉडवरून दुसऱ्या रॉडवर जातात, म्हणून पुढची परीक्षा हवीच.

आता खरी गोष्ट. लाइनचा नंबर पहिल्या ३० फुटांचा आहे, पण तुम्ही दर वेळी ३० फूटच लाइन हवेत ठेवता का? चोरलसारख्या नदीत, जिथे उन्हाळ्याआधीच पाणी डोहाडोहांत तुटतं, तिथे बहुतेक वेळा १५ ते २५ फूट लाइन शेंड्याबाहेर असते. डबल टेपर ५ नंबरच्या पोटाचं वजन फुटाला साधारण ५ ग्रेन धरा. मग २० फूट बाहेर असताना रॉडवर सुमारे ९० ग्रेन येतात, म्हणजे ३ नंबरहूनही कमी. ४० फूट काढली की १९० ग्रेन, म्हणजे ७ नंबर पार. ५० फूट काढली की ९ नंबरचं वजन त्याच काडीवर. लाइन तीच, डबीवरचा आकडा तोच, पण रॉडला जे जाणवतं ते अडीच पटीहून जास्त बदलतं. म्हणून कुणी ‘माझी रॉड ५ नंबरची’ म्हटलं की मी विचारतो, किती फुटांवर?

तुम्ही कुठे आणि किती लांब टाकणार हे ठरल्याशिवाय लाइन ठरत नाही. लहान ओढ्यावर, २० फुटांच्या खेळात, ६ नंबर लावली तर रॉड वेळेवर जागी होते. मोठ्या पाण्यावर ४५ फूट टाकायचं असेल, तर तीच रॉड ४ नंबरवरही पुरेशी वाकते आणि शेंड्यावर ताण कमी येतो. नेमकं उलटं वाटतं ना? मोठं पाणी म्हणजे जड लाइन, हा विचार ग्राफाइटच्या (कार्बन तंतूंच्या) रॉडच्या जाहिरातींनी आपल्या डोक्यात बसवलाय. बांबूला तो घातक ठरतो.

घातक का, ते बांबूच्या घडणीत आहे. तुमच्या नऊ फुटी रॉडचं वजन बहुधा १४० ते १७० ग्रॅमच्या दरम्यान भरेल. तेवढ्याच लांबीची ५ नंबरची ग्राफाइट रॉड ८०–९० ग्रॅमची असते, कारण ती पोकळ नळी आहे. बांबूची रॉड भरीव: सहा त्रिकोणी पट्ट्या, प्रत्येकीचा कोन ६० अंशांचा, सरसाने चिकटवलेल्या. बळ असतं ते बाहेरच्या सालीलगतच्या तंतूंत. म्हणजे लाइन नसली तरी शेंडा स्वतःच्या वजनाने मागे-पुढे झुकतो, कास्टचा काही भाग रॉड स्वतःच्याच भाराने करते. म्हणून बांबूला हलकी लाइन खपते, जड लाइन खपत नाही. हलकी लाइन लावली तर फार तर मजा कमी येईल. जड लावली तर नुकसान होतं, आणि ते एकदम दिसत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बरीच वर्षं झाली. एका स्नेह्यांनी विश्वासाने त्यांच्या वडिलांची साडेआठ फुटी रॉड माझ्याकडे दोऱ्याचे वेढे नव्याने बांधायला दिली होती. काम झालं, वार्निश वाळलं, आणि मी ती मंडलेश्वरला नर्मदेवर घेऊन गेलो. रिळावर ७ नंबरची वेट फॉरवर्ड (पुढच्या टोकाकडे वजन असलेली लाइन) होती, बदलायचा कंटाळा केला. वारा समोरून होता, मी जोर लावत गेलो. तासाभराने फेरूलच्या (तुकडे जोडणाऱ्या धातूच्या नळीच्या) जरा वर ‘टक्’ असा बारीक आवाज आला. शेंडा तुटला नव्हता, पण दोन पट्ट्यांमधला सरस सुटला होता आणि साल उभी चिरली होती. ती रॉड मी दुरुस्त केली, पण शेंड्यातला तो मूळचा जिवंतपणा परत आणू शकलो नाही. त्या स्नेह्यांना सांगताना मला झालेलं दुःख आजही आठवतं. तेव्हापासून दुसऱ्याच्या जुन्या रॉडवर मी पहिली लाइन नेहमी एक नंबर कमीचीच लावतो.

आता तुमच्या रॉडची तपासणी. लाइन विकत घेण्याआधी हे करा. दोन्ही शेंडे शेजारी ठेवून लांबी बघा. जुन्या रॉडचा एक शेंडा बहुतेक वेळा दोन-तीन इंच आखूड असतो: कधीतरी मोटारीच्या दारात सापडून टोक मोडलेलं असतं आणि कुणीतरी वरची कडी पुन्हा बसवलेली असते. आखूड शेंडा जास्त ताठ वागतो, त्याला एक नंबर जड लाइन रुचू शकते. म्हणूनच तुमच्या रॉडला कदाचित दोन उत्तरं असतील. खात्रीसाठी बुंधा आणि मधला तुकडा जोडून मूठ टेबलाच्या कडेला घट्ट धरा, एकेक शेंडा लावून टोकाला छोट्या पिशवीत सारखीच नाणी टांगा, आणि किती इंच खाली येतो ते भिंतीवर खुणेने टिपा. चार-पाच नाणी पुरे. फार वाकवू नका. दोन्ही शेंडे सारखे झुकले तर उत्तमच.

मग सरस. दुपारच्या तिरप्या उन्हात प्रत्येक तुकडा फिरवून पट्ट्यांच्या सांध्यांवर काळी रेघ किंवा फट दिसते का बघा. नखाने हलकेच टकटक करत जा. भरीव आवाज जाऊन कुठे बद्द आवाज आला, तर तिथे सुटलेलं आहे. त्या काळच्या रॉडमध्ये बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस असे. आपल्याकडच्या पावसाळ्याची दमट हवा त्याला सोसत नाही. सत्तर-ऐंशी पावसाळे तुमच्या माळ्यावर निघाले आहेत, तेव्हा हा तपास टाळू नका. फट सापडली तर लाइनचा विचार सध्या बाजूला ठेवा, आधी दुरुस्ती.

दांडीवर तपकिरी जळके डाग दिसले तर पुसायला जाऊ नका. मागल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अनेक रॉड ‘कलकत्ता’ बांबूच्या बनत आणि त्या बांबूवर असे भाजल्याचे डाग असत. कलकत्ता हे फक्त बंदराचं नाव. झाड म्हणजे आपला लाठीचा भरीव बांबू, जो बैतूल-खंडव्याच्या जंगलांत आजही वाढतो. १८७० च्या दशकात अमेरिकेत हायरम लेनर्ड सहा पट्ट्यांच्या रॉड बनवून प्रसिद्ध झाला, तो याच बांबूच्या जोरावर. पुढे चीनच्या दक्षिणेतला टोंकिन बांबू आला. त्याची पेरं लांब आणि साल जाड तंतूंची, त्यामुळे त्याने कलकत्त्याला मागे टाकलं. १९५० नंतर अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला तेव्हा तिथले कारागीर अडून बसले, काहींनी साठवलेल्या बांबूवर वीस वर्षं काढली. तुमची रॉड कलकत्त्याची निघाली तर ती अधिक जुनी आणि अधिक मऊ असेल. मग ५ च्याही आधी ४ नंबर लावून बघा.

लाइन बघताना डबीवर विश्वास ठेवू नका, तिचं वजन करा. आजच्या कित्येक वेट फॉरवर्ड लाइन्स ताठ ग्राफाइटसाठी मुद्दाम अर्धा ते एक नंबर जड बनवतात. डबीवर ५ लिहिलेलं असतं आणि भरते ६. टोकाचा सरळ, टेपर नसलेला फूटभर भाग सोडा, तिथून पुढे ३० फूट मोजून खूण करा, तेवढं वेटोळं करून तराजूत ठेवा. १४० ग्रेन म्हणजे ९.०७ ग्रॅम. ८.७ ते ९.५ ग्रॅमच्या आत भरली तर ती खरी ५. ४ नंबर ७.८ ग्रॅमच्या आसपास, ६ नंबर १०.४ च्या. एवढा बारीक काटा घरात नसतो. मी सराफ्यात जातो. दुपारी, गर्दी नसताना, ओळखीच्या दुकानात वेटोळं काट्यावर ठेवतो. पहिल्या वेळी त्यांना नवल वाटलं, आता मला बघितलं की आधी काटा पुसून ठेवतात.

डबल टेपरचा आग्रह मी का धरतोय? एक तर बांबूला सावकाश, मोठ्या लयीत वाढणारा भार आवडतो, आणि डबल टेपरमध्ये तो फुटाफुटाने वाढतो. वेट फॉरवर्डमध्ये सगळं वजन पुढे गोळा झालेलं असतं, त्याचा धक्का एकदम येतो. दुसरं, झाडीत मागे जागा नसली की पाण्यावरूनच लाइन गुंडाळून टाकायची रोल कास्ट डबल टेपरने सुंदर होते. चोरलच्या काठी झुडपं बघितलीत तर कळेल. तिसरं पैशांचं: एक टोक झिजलं की उलटी करून वापरता येते. तुमचं जुनं रीळ रेशमासाठी बनलेलं, म्हणजे अरुंद. रेशमी लाइन त्याच वजनाच्या आजच्या प्लास्टिकच्या लाइनपेक्षा बारीक असते. तेव्हा ९० फुटी डबल टेपर त्यात बॅकिंगसकट (लाइनमागच्या भरतीच्या दोऱ्यासकट) मावणार नाही. मधोमध कापा. ४५ फूट रिळावर, मागे बॅकिंग, उरलेली ४५ फूट डब्यात. दोन लाइन्स झाल्या, आणि ४५ फुटांपलीकडे या रॉडने तुम्हाला टाकायचंही नाही.

आता मैदानावरची परीक्षा, आणि हीच शेवटचा शब्द. चिमणबाग मैदानावर सकाळी लवकर जा, वारा उठायच्या आत. गवतावरच, माती-मुरमावर नको, लाइनचं आवरण खरवडतं. लाइनवर २०, ३० आणि ४० फुटांवर रंगीत दोऱ्याच्या खुणा करा. नऊ फुटी लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा बारीक धागा) लावा, फ्लायच्या जागी लाल लोकरीचा गोंडा बांधा, गळ नको. २० फुटांपासून सुरू करा. सावकाश, ग्राफाइटच्या निम्म्या घाईने. मागचा कास्ट पूर्ण सरळ होईपर्यंत थांबा. बहुतेकांची चूक इथेच होते, मग ते लाइनला दोष देतात.

लक्ष रॉडच्या वाकण्यावर ठेवा. लाइन हलकी असेल तर फक्त शेंडा फडफडतो, मनगट नकळत घाई करतं आणि लूप (हवेतला लाइनचा वळसा) अरुंद असूनही लाइन जमिनीवर ढेपाळते. लाइन जड असेल तर वाक थेट मुठीच्या बुचापर्यंत उतरतो, लूप रुंद उघडतो, मागचा कास्ट खाली पडतो आणि रॉड परत सरळ व्हायला वेळ लावते. मधल्या तुकड्यापर्यंत वाक येऊन थांबला आणि हाताने न ढकलता लाइन निघून गेली, की तो तुमचा पल्ला. तो ३० फुटांच्या खुणेला आला तर रॉड खरोखर ५ ची. २० ला आला तर पुढे ४, मग ३ लावून बघा. ४० ला आला तर जवळच्या कामासाठी ६ योग्य, आणि फारच ताठ वाटली तर ७ मागून आणून एकदाच बघा, पण तेही २५ फुटांच्या पुढे न जाता. माझ्या अनुभवात नऊ फुटी तीन तुकड्यांच्या रॉडचा वाक साधारण ३० ते ३५ फुटांवर बसतो, आणि म्हणूनच मी सुरुवातीला ५ म्हटलं.

जोडताना-सोडताना फेरूल पिरगाळू नका. सरळ घाला, सरळ ओढा. कोरडी वाटली तर मेणबत्तीचं किंचित मेण पुरे.

आता माशांबद्दल, कारण इथे मी ठाम आहे. तुम्ही महेश्वरच्या महाशीरचा उल्लेख केलात. नर्मदाकाठी त्याला बाडस म्हणतात, तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, आणि बडवाहच्या वनविभागाने त्याच्या संवर्धनासाठी मेहनत घेतली आहे. लागला तर अलगद सोडूनच द्यायचा. पण तो या रॉडवर लागूच देऊ नका. तीन किलोचा महाशीर धारेत शिरला की रॉड मुठीपर्यंत वाकवून ठेवतो आणि तसाच राहतो. कास्टचा ताण क्षणाचा असतो, हा पाच-दहा मिनिटांचा. त्याने शेंड्याला कायमचा बाक बसतो. त्याच्यासाठी ८–९ नंबरची ग्राफाइट घ्या, दुकानदाराचा आकडा तिथे बरोबर आहे. आजोबांची रॉड चोरलच्या छोट्या चपळ माशांना आणि तीर्थनच्या ट्राउटला शोभेल. टिपेट (लीडरचं सगळ्यात बारीक टोक) ५ एक्स जाडीच्या आसपास, फार तर ४ एक्स, म्हणजे ताण दोन-अडीच किलोच्या पुढे गेला की आधी तो तुटेल आणि शेंडा वाचेल.

चोरलला जायचं तर १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, आणि त्यानंतरही पाणी निवळायला वेळ लागतो. तोवर रॉड मैदानावरच चालवा. तीर्थनला ट्राउटचा बंदीकाळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणून मार्चमध्ये बेत करा आणि तिथल्या मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा.

मे महिन्यात गाडीच्या डिकीत रॉड ठेवू नका, चाळीसच्या वरच्या उन्हात डिकी भट्टी होते आणि जुना सरस मऊ पडतो. ओल्या कापडी पिशवीत तर कधीच नाही. तुकडे आधी घरात उभे टांगून वाळू द्या, मग नळीत ठेवा.

रेशमी लाइन फेकू नका. फूटभर टोक दोन्ही हातांनी ओढून बघा. टिकली तर ती सराफ्यातल्या काट्यावर ठेवून तिचं वजन मला कळवा, त्यावरून रॉडचा मूळ नंबर अधिक नेमका सांगता येईल. तुटली तर उरलेल्या तीस फुटांचं वजन तरी करा. आणि दोन शेंड्यांपैकी लांब, सरळ असलेला शेंडा पहिले काही महिने नळीतच राहू द्या. सराव आखूड शेंड्यावर करा.